अक्षर कोणते, आज्ञा कोणती?

सत्यनारायणाच्या पूजेस बसलेल्या एका भोळ्या यजमानाची गोष्ट आपल्या घरांतून वर्षानुवर्षे सांगितली जात आहे. पोथीत संकल्पाच्या जागी ‘अमुक गोत्र, अमुक नाव’ असे छापलेले होते. गुरुजींनी सवयीने तेच वाचले आणि यजमानानेही डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावाने, ‘अमुक गोत्रात जन्मलेला अमुक’ म्हणूनच देवापुढे आपली ओळख सांगितली. पुढे पोथीत ‘येथे पळीभर पाणी सोडावे’ अशी सूचना आली. तीही त्याने मंत्रासारखी हात जोडून म्हटली. पाणी मात्र पळीतच राहिले.

गोष्ट हसण्यासाठी सांगितली जाते. परंतु हसून झाल्यावर टाकून द्यावी इतकी ती हलकी नाही. पोथीच्या त्या एका पानावर तीन प्रकारची अक्षरे होती. काही म्हणावयाची, काही करावयाची, आणि काही बदलून त्यांच्या जागी आपले स्वतःचे नाव-गोत्र घालावयाची. छापखान्याच्या खिळ्याला हा भेद ठाऊक नसतो. त्याच्या लेखी सगळी अक्षरे सारखीच काळी. भेद कागदावर नसतो, तो वाचणाऱ्याच्या विवेकात असतो. आणि तो विवेक सुटला की पूजा होऊनही पूजा होत नाही.

आपल्या पूर्वसूरींनी हा भेद केवळ विनोदावर सोपवला नाही. त्यावर एक संपूर्ण शास्त्र उभारले. मीमांसकांनी वेदवाक्यांची विधि, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद अशी पाच प्रकारची विभागणी केली. विधिवाक्य माणसाला काही करावयास लावते, निषेधवाक्य परावृत्त करते, अर्थवाद स्तुती किंवा निंदा करून विधीला बळ देतो. कोणते वाक्य खरोखर आज्ञा देते आणि कोणते आज्ञेसारखे केवळ भासते, हे ठरवण्यासाठी त्यांनी ज्या बारकाईने वाद घातले, ती बारकाई आजच्या माणसाला कदाचित् निरर्थक काथ्याकूट वाटेल. आम्हांस मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की, त्या बारकाईची गरज यज्ञशाळेत जेवढी होती त्याहून काकणभर अधिकच आज आपल्या घरातील संगणकाला आहे.

कारण असे की, आपल्या मंदिरांच्या जुन्या उत्सव-स्मरणिका, आजीच्या वहीतील स्तोत्रे, कुलदेवतांच्या यात्रांची वर्णने हे सारे आता हळूहळू संगणकाच्या जाळ्यावर येत आहे. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु जाळ्यावरील पानाची स्वतःची एक भाषा असते. तिला एचटीएमएल म्हणतात. कोनाकृती कंसांत बसवलेल्या छोट्या छोट्या आज्ञांची ती भाषा आहे. येथे मथळा समज, येथे अक्षर ठळक कर, येथे चित्र आण, अशा त्या आज्ञा. स्तोत्र लिहून देणाऱ्या गृहिणीने किंवा निवृत्त शिक्षकाने ही भाषा शिकावी अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. म्हणून काही सुबुद्ध मंडळींनी एक हलकी चिन्हपद्धती काढली. जॉन ग्रूबर यांनी अ‍ॅरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने २००४ साली प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. शब्दाच्या दोन्ही अंगांस एकेक तारका घातली की अक्षर तिरपे, दोन-दोन घातल्या की ठळक, ओळीच्या आरंभी चौकटीसारखी खूण केली की मथळा. मजकूर तसाच वाचला तरी कळतो, आणि एक छोटी आज्ञावली त्याचे पानाच्या भाषेत रूपांतर करून देते.

येथपर्यंत सर्व ठीक. पण या पद्धतीत एक दार मुद्दाम उघडे ठेवलेले आहे. हलक्या चिन्हांनी जे साधत नाही ते साधावे म्हणून लेखकाने मध्येच पानाच्या मूळ भाषेतील आज्ञा लिहिली तरी चालते. रूपांतर करणारी आज्ञावली ती जशीच्या तशी पुढे सोडते. आणि वाचकाच्या संगणकावर पान दाखवणारा ब्राउझर हा आपल्या गोष्टीतील यजमानाच्या नेमका उलट आहे. यजमानाने करावयाचे ते म्हटले. ब्राउझर म्हणावयाचे तेही करून टाकतो. कोनाकृती कंसात आज्ञा दिसली की ती कोणी लिहिली, कोणत्या हेतूने लिहिली, हे तो विचारीत नाही. त्या आज्ञेने वाचकाची गुप्त ओळख तिसऱ्याच कोणाकडे धाडली, किंवा देणगीच्या खऱ्या पत्त्याच्या जागी खोटा पत्ता दाखवला, तरी त्याच्या दृष्टीने त्याने केवळ आपला धर्म पाळला.

म्हणून प्रश्न उभा राहतो, आणि तो यंत्राचा नसून नीतीचा आहे, असे आमचे मत आहे: दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेला मजकूर पुढे पोचवताना त्यावर किती विश्वास ठेवावा?

काही सज्जन म्हणतात, ‘आपलीच माणसे, आपल्याच देवाची स्तोत्रे, येथे संशय कसला घेता? भक्ताचे लिखाण तपासणे हा त्याचा अपमान नव्हे काय?’ हा युक्तिवाद मनाला भिडणारा आहे. परंतु त्यात एका माणसाचा विसर पडला आहे. मजकूर देणारा एक, रूपांतर करणारा दुसरा. पण पान उघडणारा वाचक हा तिसरा आहे, आणि सारा धोका त्याच्या माथी आहे. देवळाचे नाव पाहून तो निःशंक मनाने आत येतो. त्याच्या त्या निःशंकपणाचे आपण विश्वस्त आहोत. शिवाय, मजकूर देणाऱ्याचे मन गंगेसारखे निर्मळ असले तरी त्याने तो कोठून उतरवून घेतला आणि त्यासोबत न दिसणारे काय आले, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. तपासणी सर्वांची सारखीच झाली तर तीत कोणाचाच अपमान नाही. भांडारातील दागिना बाहेर काढताना आणि परत ठेवताना वहीत नोंद होते, ती पुजाऱ्यावर संशय म्हणून नव्हे. पुजाऱ्यावर कधी संशय येऊ नये म्हणून.

मग निषिद्ध गोष्टींची यादी करावी आणि तेवढ्या गाळाव्यात, असे कोणी सुचवील. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या त्या काळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर जे घडले ते या सूचनेचे उत्तर आहे. तेथे प्रत्येक सभासदास स्वतःचे पान सजवण्याची मुभा होती आणि धोक्याचे शब्द गाळण्याची व्यवस्थाही होती. सॅमी कमकार नावाच्या तरुणाने त्या निषिद्ध शब्दांतील एक शब्द मध्येच ओळ तोडून दोन तुकड्यांत लिहिला. गाळणीला तो ओळखता आला नाही; काही ब्राउझरांना मात्र तो अचूक कळला. ज्याने ते पान उघडले त्याच्या पानावर ती आज्ञा आपोआप उतरली, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक पाने तिने व्यापली. त्या तरुणाचा हेतू थट्टेचा होता. परंतु मार्ग दाखवला गेला तो सर्वांना. तात्पर्य, वाइटाची यादी कधी पुरी होत नाही. भांडाराची किल्ली कोणाकडे असावी त्यांची नावे वहीत लिहितात. कोणाकडे नसावी त्यांची यादी कोणी करीत नाही. तसेच येथेही, ज्या आज्ञा चालतील त्यांची छोटी यादी आधी ठरवावी. ठळक, तिरपे, मथळा, परिच्छेद, सूची, साधा दुवा, एवढ्याच. आणि तीत नसलेली कोणतीही आज्ञा, ती कितीही निरुपद्रवी दिसो, मानू नये.

परंतु ‘मानू नये’ आणि ‘ठेवू नये’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आमच्या दृष्टीने खरा नैतिक पेच येथेच आहे. भय वाटू लागले की माणूस चाळणी अधिकाधिक बारीक करतो, आणि मग दाणेही कोंड्याबरोबर जातात. आम्ही स्वतः ही चूक केलेली आहे. एका मंदिराच्या जुन्या स्मरणिकेचा मजकूर पानाच्या भाषेत आणावयाचे काम आमच्याकडे होते. न दिसणारी चिन्हे धोकादायक असू शकतात, त्यांच्या आडून खोटा पत्ता खऱ्यासारखा भासवता येतो, असे ऐकून आम्ही सरसकट सारी अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची व्यवस्था केली आणि निश्चिंत झालो. पान प्रसिद्ध झाले. काही दिवसांनी एका गृहस्थांचा निरोप आला. स्मरणिकेत ‘महाप्रसादाचे सारे श्रेय आचाऱ्यांना आहे’ असे वाक्य होते आणि ते त्यांच्या आजोबांविषयी होते. आमच्या पानावर ते ‘आचार्यांना’ असे झाले होते. आपल्या भाषेतील तो अर्धा, वळणदार र पुष्कळदा एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने टंकलेला असतो. ते चिन्ह आमच्या चाळणीत अडकले आणि र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसला. दऱ्यांचा दर्या होतो तोही असाच. गृहस्थ हसून म्हणाले, ‘आजोबांना तुम्ही बढती दिलीत, पण उत्सवाच्या पंगतींसाठी चुलीपुढे उभे राहिलेला तो माणूस मात्र तुमच्या पानावरून नाहीसा झाला.’ त्या हसण्याने आम्हांस जे शिकवले ते रागाने शिकवले नसते. कोणाही चोराने त्या वाक्याला हात लावला नव्हता. ते आमच्या सावधगिरीने खाल्ले होते.

विश्वासाचा अतिरेक वाचकाशी द्रोह करतो आणि संशयाचा अतिरेक लेखकाशी. मग मधला मार्ग कोणता? त्याचा शोध घेताना आमचे मन वारंवार बडोद्याकडे वळते, आणि ते अकारण नव्हे.

महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळी बडोद्यास हस्तलिखितांचा मोठा संग्रह झाला, १९१६ साली राजशेखराच्या काव्यमीमांसेने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला, आणि पुढे तेथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६० साली गो. ह. भट्ट यांनी संपादिलेले बालकांड निघाले. १९७५ साली उमाकांत प्रेमानंद शाह यांच्या उत्तरकांडाने सात खंड पुरे झाले. अयोध्याकांड आणि युद्धकांड यांचे संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य हे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या कार्याचेही धुरीण होते, आणि दोन्ही ठिकाणचा मार्ग मूलतः एकच होता. निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोर मांडावयाच्या. ज्या पाठास पुरेसा आधार आहे तो वर घ्यावयाचा. ज्यास नाही तो खाली टीपेत अगर परिशिष्टात छापावयाचा. शब्द पूर्वापार पूज्य आहे म्हणून डोळे झाकून वर घेतला नाही. आणि आधार तोकडा आहे म्हणून पुसूनही टाकला नाही. वाचकाला तो दिसतो. फक्त त्याला मूळ पाठाचा अधिकार दिलेला नाही.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण महाभारतातच आहे. व्यासांनी सांगावे आणि श्रीगणेशाने लिहावे, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. लेखणी थांबू देणार नाही, अशी गणेशाची अट. आणि अर्थ समजल्यावाचून अक्षर लिहू नये, ही व्यासांची उलट अट. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या पुणे आवृत्तीत संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनी ही कथा मूळ पाठातून काढून परिशिष्टात ठेवली, कारण पोथ्यांचा पुरावा तिला पुरेसा नव्हता. गणपतीची कथा बाजूस ठेवणारा हात किती निर्भय असला पाहिजे! आणि तरीही ती समग्र छापणारा तोच हात किती नम्र! लेखकाने अर्थ समजल्यावाचून लिहू नये, हा त्या कथेचा उपदेश. तो कथेलाच लावून पाहण्याचे काम आपल्या विद्वानांनी केले.

बडोद्याच्या या रामायणाची पुढची हकीकत आपल्या विषयाशी अगदी लागून आहे. जपानातील मुनेओ तोकुनागा यांनी या आवृत्तीचा पाठ संगणकावर उतरवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो पुन्हा तपासून सुधारला. देवनागरी संगणकावर सुकर नव्हती त्या काळी हा पाठ साध्या रोमन अक्षरांच्या हलक्या संकेताने लिहिला गेला: लहान अक्षर म्हणजे ऱ्हस्व स्वर, मोठे अक्षर म्हणजे दीर्घ, आणि ओळीच्या आरंभी कांड, सर्ग, श्लोक सांगणारे अंक. त्या अंकांचा उच्चार करावयाचा नसतो. ते पाठ नव्हेत, पाठाचा पत्ता आहेत. आता कल्पना करावी की, मध्येच कोणा टापटिपीच्या माणसाला लहान-मोठ्या अक्षरांची सरमिसळ ओंगळ वाटली आणि त्याने सगळी अक्षरे लहान करून टाकली. त्याच क्षणी रामाचा ‘रम’ होतो आणि सीतेची ‘सित’. ज्याला संकेत कळत नाही त्याची स्वच्छतादेखील विध्वंसक ठरते.

बडोद्याच्या आणि पुण्याच्या त्या मेजांवरची शिस्त आपल्या लहानशा कामास लावून पाहिली की मार्ग पुष्कळसा स्पष्ट होतो. प्रथम, लेखकाने दिलेला मजकूर जसा आला तसा, एक मात्राही न बदलता, वेगळा जपून ठेवावा. रूपांतर हे मूळ नव्हे. उद्या चूक सापडली तर मुळाकडे परत जाता आले पाहिजे. आचाऱ्यांना आम्ही पुन्हा चुलीपुढे उभे करू शकलो ते एवढ्याच कारणाने.

दुसरे, जी आज्ञा मान्य यादीत नाही ती पुसू नये. ती अक्षर म्हणून दाखवावी. पानाच्या भाषेत याची सोय आहे. कोनाकृती कंस प्रत्यक्ष लिहिण्याऐवजी त्या कंसाचे सांकेतिक नाव लिहिले की वाचकाला कंसच दिसतो, परंतु ब्राउझर त्यास आज्ञा समजत नाही. आपल्या घरांत हा भेद नवा नाही. एखाद्याचे नाव सांगणे निराळे आणि त्याला नावाने हाक मारणे निराळे. नाव सांगितल्याने तो धावत येत नाही. गणिताच्या शिक्षकाने ‘पाच सातांहून लहान’ हे दाखवण्यासाठी काढलेले चिन्हही याच कंसासारखे असते. भित्री चाळणी त्याला आज्ञेचा आरंभ समजून पुढचे वाक्य गिळते. विवेकी रूपांतर ते चिन्ह चिन्ह म्हणूनच दाखवते.

तिसरे, तपासणी रूपांतर झाल्यावर करावी. आधी केली म्हणून नंतरची टाळू नये. तांदूळ निवडून घेतले तरी पान वाढताना सुगृहिणी भाताकडे एकदा पाहतेच. दुव्याच्या पत्त्याच्या जागी कोणी जावास्क्रिप्टची आज्ञा लिहिली, तर हलक्या चिन्हपद्धतीत ती नुसती निर्जीव अक्षरे असतात. रूपांतराने त्यांचा दुवा बनतो आणि मगच त्यांत जीव येतो. म्हणून जे वाचकाच्या पानात पडणार आहे, त्याचीच अखेरची परीक्षा व्हावी. दुव्यांचे पत्तेही ओळखीच्या प्रकारांचेच स्वीकारावेत.

चौथे, यादी करताना आपल्या गरजा विसरू नयेत. परक्या देशात तयार झालेली चाळणी आपली ओवी ओळखत नाही. मार्कडाउनच्या मूळ नियमाप्रमाणे साधी तोडलेली ओळ पुढच्या ओळीस चिकटते आणि चार चरणांचे गद्य होते; चरण राखावयाचे तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. मराठी आणि कोंकणी एकाच नागरीत शेजारी छापणाऱ्या आमच्यासारख्यांना तर आणखी एक पथ्य आहे. पानाच्या भाषेत कोणता परिच्छेद कोणत्या भाषेतला हे सांगणारी खूण असते. चाळणीने ती अनवश्यक म्हणून काढली, तर डोळ्यांनी अधू असलेल्या वाचकाला पान वाचून दाखवणारे यंत्र कोंकणीला कोंकणी म्हणून ओळखण्याचे साधन गमावून बसते. ज्या भाषेने आपली ओळख टिकवण्यासाठी इतकी वर्षे झगडा केला, तिची ओळख आपण निष्काळजीपणाने पुसावी, हे आम्हांस अपराधासारखे वाटते.

आणि शेवटी, माणसाने वाचावे. चाळणी कितीही उत्तम असो, आचारी आणि आचार्य यांतला फरक तिला कळणार नाही. तो कळतो नातवाला.

या सर्वांतून जे तत्त्व हाती येते ते संगणकापुरते नाही. दुसऱ्याचे शब्द पुढे नेणारा प्रत्येकजण, मग तो पुजारी असो, पोथी उतरवणारा असो, संपादक असो की निरोप्या, दोन निष्ठांमध्ये उभा असतो. ज्याने शब्द दिले त्याचे शब्द हरवू द्यावयाचे नाहीत. ज्याच्याकडे ते जात आहेत त्याचे अहित होऊ द्यावयाचे नाही. ऐकलेल्या प्रत्येक शब्दाला आज्ञा मानणारा माणूस गुलाम होतो, आणि न पटणारा प्रत्येक शब्द पुसून टाकणारा माणूस जुलमी होतो. ऐकावे सर्व, जपावे सर्व, दाखवावे सर्व. पण मानावे तेवढेच, ज्याचा अधिकार आधी विचारपूर्वक ठरवला आहे. आमच्या समजुतीने यालाच विवेक म्हणतात.

त्या भोळ्या यजमानाला आपण उगीच हसतो. त्याच्या हातून पाणी सांडले नाही, कोणाचे नुकसान झाले नाही. आणि देवाने त्याचे ‘अमुक’ही ओळखून घेतले असेल. ब्राउझरला ती ओळख नाही. म्हणून त्याच्या हाती पोथी देण्यापूर्वी म्हणावयाचे कोणते आणि करावयाचे कोणते, हे आपणच निवडून ठेवले पाहिजे.